शनिवारची सही

अहवाल दोनच पानांचा होता. दुसऱ्या पानाच्या तळाशी दानेश्वरीनं सही कुठं करायची ते दाखवणारी पेन्सिलीची बारीक फुली होती. ती फुली बघूनच तिचं डोकं फिरलं. आधी वाचायचं, पटलं तर सही करायची, एवढी साधी रीत. इथं वाचायचं की नाही ते तिच्यावर होतं, सही मात्र ठरलेली होती.

"वाचत काय बसतीस, दानेश्वरी," मालक मल्लिनाथअण्णा म्हणाले, "आपल्या चार्जरचा काही संबंध न्हाय, एवढंच लिहिलंय की."

एवढंच लिहिलेलं नव्हतं. तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, म्हणजे अण्णांनाही एकदा ऐकू यावं. "पॅनलमधील जोड ढिला राहिल्याने ठिणगी उडून कपॅसिटर फुटले. वायरमन भीमाशंकर यांनी कोणतेही सबळ कारण नसताना चालू पॅनलचे दार उघडले. शेजारील चार्जरचा या घटनेशी संबंध आढळत नाही."

"बरोबर हाय की."

"काय बरोबर आहे? बघायला कोण गेलं होतं?"

कोणीच गेलं नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अण्णांच्या कंपनीनं एक चार्जिंग शेड उभारलं होतं. ई-रिक्षांच्या बॅटऱ्या भरणारे, कंपनीची इंजिनिअर म्हणून दानेश्वरीनं बनवलेले दहा चार्जर तिथं दिवसभर चालायचे. त्याला लागून टॉवेलचा कारखाना, आणि दोघांना वीज एकाच ट्रान्सफॉर्मरवरून. कारखान्याच्या कोपऱ्यात कपॅसिटरचं, म्हणजे मागांची वीज सावरणाऱ्या डब्यांचं, लोखंडी कपाट होतं, त्यालाच सगळे पॅनल म्हणायचे. मागच्या बुधवारी ते कपाट फुटलं आणि त्याच्या दारात उभ्या असलेल्या कारखान्याच्या भीमाशंकर वायरमनचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आता गुरुवारी विद्युत निरीक्षक चौकशीला येणार होत्या. हा अहवाल त्यांच्या हातात पडला, की अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचा परवाना गेलाच म्हणून समजा. परवाना गेला की वायरमनकडं उरतं काय? पक्कड आणि पाना.

"मी सही करणार नाही," दानेश्वरी म्हणाली.

"तो तुझा कोण लागतो गं?"

कोणी लागत नव्हता. डिप्लोमाला असताना कॉलेजातल्या सरांनी जे पॅनल फळ्यावर काढून दाखवले, ते भीमाकाकांनी तिला उघडून दाखवले होते. पोरगी म्हणून कोणी दाराशी उभं करत नव्हतं, तेव्हा काकांनी स्वतःचे रबरी हातमोजे तिच्या हातात घातले होते. हे अण्णांना सांगून काय होणार होतं! तिनं अहवाल उचलला आणि सरळ बाहेर पडली.

काकांचं घर नीलम नगरात. दारात काशम्माकाकू शेंगा फोडत बसल्या होत्या. काका खाटेवर, हाताला खांद्यापर्यंत पट्टी. तिला बघून उठायला लागले.

"झोपा हो काका."

"झोपूनच हाय की पाच दिस. ये दानव्वा. कशी हायस?"

दुखतंय का, असं विचारायला तोंड उघडलं आणि तिनं मिटलं. भाजलेला हात दुखणार नाही तर काय करणार. तिनं अहवाल वाचून दाखवला. 'जोड ढिला' या शब्दांपाशी काका ताडकन बसते झाले.

"ढिला? माजा जोड ढिला? कोण म्हनतो? त्याला म्हनावं हितं ये!" त्यांचा आवाज चढला. "काशी, ती पिशवी आन."

काकूंनी पिशवी आणली. फुटलेल्या पॅनलमधले काळे पडलेले तांब्याचे तुकडे काकांनी जपून ठेवले होते, बोल्ट-नटासकट. दानेश्वरीनं एक तुकडा उजेडात धरला. काजळीखाली नटावरून बोल्टावर गेलेली एक लाल रेघ दिसत होती. काकांची ती जुनी सवय. नट कसून झाला की त्यावरून काकूंच्या नेलपॉलिशनं एक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि दुसऱ्या दिवशी लांबूनच कळतं. काकूंना आयुष्यात नेलपॉलिश पुरलं नव्हतं, आणि हे गाऱ्हाणं त्या अजूनही प्रत्येकाला सांगायच्या.

रेघ सलग होती. सातही नटांवर सलग.

"बग तूच. आता म्हन ढिला," काका म्हणाले.

"मग फुटलं कशानं?"

"ते तुमी इंजिनेर लोकांनी सांगायचं. मला एवडंच ठावं, तुमचं चार्जर नवीन झाल्यापासनं ते कपाट गुरगुरायलंय. सकाळी माग सुरू झालं की सुरू. शनवारी मात्र गप. शनवारी हात लावून बगा, थंडगार."

शनिवारी त्या भागाला साप्ताहिक सुट्टी. माग बंद, म्हणून पॅनलही गप्प, त्यात नवल काय, असं दानेश्वरीला वाटलं. पण नवीन झाल्यापासून म्हणजे? चार्जर तर तीन वर्षं तेच होते.

"काका, एक विचारू? त्या दिवशी पॅनल उघडलात कशाला? निरीक्षक पहिलं हेच विचारणार."

काका पट्टीच्या टोकाशी खेळायला लागले. काकूंनी शेंगांची पाटी खाली ठेवली. "सांगा की वो तिला. सांगा, कुनी..."

"सुम्निर!" काकांनी कानडीत त्यांना गप्प केलं. मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "असंच उघाडलं. वायरमन हाय, बगावं लागतंय की."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चार्जिंग शेडवर गेली. सोबत मोजायचं यंत्र आणि लॅपटॉप. शेजारी माग दणदणत होते. कारखानदारानं नवे कपॅसिटर बसवून घेतले होते, नवे बोल्ट, नवे जोड, सगळं दुसऱ्या वायरमनकडून. आणि तो नवाकोरा पॅनलही गुरगुरत होता. तिनं पत्र्याला तळहात लावला. बोटं झिणझिणली.

तिनं यंत्राच्या तारा पहिल्या चार्जरला जोडल्या, पडद्याकडं बघितलं आणि तिचा विश्वास बसेना.

दानेश्वरीचं सगळं काम, सगळी मिजास म्हणा, त्या पडद्यावरच्या लाटेत होती. भिंतीतून येणारी वीज क्षणाक्षणाला दिशा बदलते आणि बॅटरीला तर एकाच दिशेनं जाणारी लागते. हे वळण लावणारा तो रेक्टिफायर. स्वस्तातला रेक्टिफायर हावरट असतो. लाट शेंड्याला पोचली की एकदम घोट घेतो, बाकी वेळ तोंड मिटून बसतो. असल्या हिसक्यांनी सगळी लाइन नासते आणि शेजाऱ्याच्या घरीही नासकीच वीज जाते. दानेश्वरीचा प्रोग्राम चार्जरला शिस्तीनं जेवायला लावायचा. लाटेच्या चढाबरोबर चढ, उताराबरोबर उतर, घास लहान घे.

आता ही लाट कशी असावी हे चार्जरला दोन तऱ्हांनी सांगता येतं. सोपी तऱ्हा म्हणजे दारात आलेल्या विजेकडं बघायचं आणि तिची नक्कल मारायची. अवघड तऱ्हा म्हणजे येणाऱ्या विजेचा फक्त ठेका पकडायचा आणि लाट आपल्या मनानं काढायची, गोल, स्वच्छ. दानेश्वरीनं अवघड तऱ्हा लिहिली होती, दीड वर्ष खपून. मागांच्या मोटरींचा वेग सांभाळणाऱ्या जुन्या ड्राइव्हमुळं वीज कितीही खरबरीत येवो, तिच्या चार्जरची लाट गोलच राहायला हवी होती.

पडद्यावरची लाट करवतीसारखी होती. येणाऱ्या विजेचे सगळे दाते तिच्यातही होते, फक्त किंचित मागं सरकलेले. दहाही चार्जर तसेच.

तिनं लॅपटॉप जोडून प्रोग्राम उघडला. तिनं लिहिलेला भाग तिथंच होता, पण बंद करून ठेवलेला. त्याच्या खाली वीस ओळींची नक्कल बसवली होती. काकांनी ऐकलेलं 'नवीन' ते हेच. कोणाची ते विचारायचीही गरज नव्हती. कंपनीत सर्व्हिसचं काम बघणारा श्रीशैल नाव घातल्याशिवाय एक ओळ लिहीत नसे.

तिनं फोन लावला. "श्रीशैल, माझ्या प्रोग्रामला हात लावायचा तुला अधिकार कोणी दिला?"

"मॅडम, ओरडू नका की. वीज जाऊन कारखान्याचा जनरेटर लागला की चार्जर बंद पडायचे. रोज तक्रार. अण्णा म्हणाले, सोपं काहीतरी टाक. टाकलं. तक्रार बंद झाली."

"आणि मधे फिल्टर कशाला घातलास?"

"लई खरखर यायची, गाळायला घातला."

याच फिल्टरनं घात केला होता. नुसती नक्कल एकवेळ परवडली असती. गाळण्यात वेळ जातो, त्यामुळं नक्कल उशिरा पडत होती, आणि नेमकी इतकीच उशिरा की पॅनलमध्ये जी धडधड उठायची तिला ती मागून ढकलत राहायची. झोका परत आला की कोणीतरी दर खेपेला ढकलतंय, अशा झोक्याचं काय होणार? एक दिवस साखळी तुटणार. ती तुटली तेव्हा समोर भीमाकाका होते.

"मला विचारायचं नाही?" ती आता किंचाळत होती. "माझ्या नावावर मशिन चालतंय, त्यात काय टाकलंय हे मला ठाऊक नको?"

श्रीशैल हळूच म्हणाला, "मॅडम, बदल केल्यावर तुम्हीच टेस्ट घेतली की. पास केलात. शीटवर सही आहे तुमची."

तिनं फोन ठेवला आणि शेडच्या कपाटातून फाइल काढली. दहा चार्जर, दहा शीट. प्रत्येकावर लाटेचं चित्र, गोल, देखणं. खाली तिची सही. तिनं तारखा बघितल्या, मग फोनवर दिनदर्शिका उघडून एकेक तारीख लावून बघितली. शनिवार. शनिवार. शनिवार. दहाही शनिवार.

शनिवारी माग बंद असतात. येणारी वीज स्वच्छ असते. स्वच्छ विजेची नक्कल स्वच्छच निघणार, त्यासाठी इंजिनिअर कशाला हवी, कोणीही पास करेल. आणि टेस्टिंग शनिवारी घ्यायचं हे ठरवलं होतं कोणी? अण्णांनी नव्हे, श्रीशैलनं नव्हे. पहिल्या चार्जरच्या वेळी तिनंच सांगितलं होतं, माग चालू असले की मला काही सुचत नाही, शनिवारीच घेऊ. रस्ता मोकळा, कंपनीची गाडी मोकळी, पंख्याखाली निवांत टेबल. चार्जर बंद पडायचे थांबले तेव्हा आपली पद्धत जमली असं समजून ती खूश झाली होती. त्या आनंदात तिनं एका कॉलेजात जाऊन तासभर भाषण ठोकलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तिला स्वतःची इतकी चीड आली की ती फाइल तिनं टेबलावर आपटली.

मग तिला काकूंचं अर्धवट वाक्य आठवलं. सांगा, कुनी... कोणी काय? तिनं फोनवर काकांचं नाव काढलं. बुधवारी सकाळी दहा चाळीसला काकांचा आवाजी निरोप होता. तेव्हा तो तिनं ऐकला होता का, हेसुद्धा तिला आठवेना. तिनं तो लावला. मागं मागांचा दणदणाट.

"दानव्वा, आज लईच गुरगुरायलंय बग. कपाट हाताला चटकायलंय. बंद करू का? आमचा शेठ म्हनतो बंद न्हाय करायचं. तू सांग काय करू."

त्याखाली तिनं लिहून पाठवलेलं उत्तर. दहा बेचाळीस. ती तेव्हा कुठल्याशा मीटिंगमध्ये शिरत होती.

"काही नाही काका, जोड ढिले असतील. उघडून कसून घ्या."

सव्वा अकराला पॅनल फुटला होता.

अण्णांच्या अहवालातला 'ढिला जोड' आला कुठून, हे तिला आता कळलं. तो तिचाच होता. जागेवर न जाता, काही न बघता, चालता चालता सांगितलेला. स्फोटाच्या दिवशी अण्णांनी कारण विचारलं तेव्हाही तिनं हेच ठोकून दिलं होतं. आणि ज्या माणसाचे सातही नट लाल रेघेनं बांधलेले होते, त्यानं ती म्हणाली म्हणून दार उघडलं होतं. निरोप दाखवला असता तर त्याचा परवाना तेव्हाच वाचला असता. त्यानं तो कोणालाच दाखवला नव्हता. बायकोलाही बोलू दिलं नव्हतं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला निरीक्षक मॅडम आल्या. कारखान्याच्या कोपऱ्यात, नव्या पॅनलसमोर चार प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. अण्णा पांढऱ्या सदऱ्यात, कपाळावर विभूती लावून. भीमाकाका भिंतीला टेकून उभे, कोणी बसा म्हटलं नव्हतं. दानेश्वरीनं आपली खुर्ची उचलून त्यांच्यापाशी ठेवली. काका बसेनात. तिनं खांद्याला धरून त्यांना बसवलं.

"अहवालावर तुमच्या इंजिनिअरची सही नाही," मॅडम म्हणाल्या.

"करणार हाय की," अण्णा हसले. "मॅडम, इथं लई गोंगाट हाय, तुम्हाला बोलायला त्रास. चार्जर बघायचेच असतील तर परवा शनिवारी या. निवांत दाखवतो, जेवूनच जावा."

"शनिवारी नाही," दानेश्वरी म्हणाली. तिचा आवाज मागांच्या वर गेला. "आत्ता. माग चालू असताना."

अण्णांनी डोळे वटारले. तिनं बघितलंच नाही. तिनं काकांकडून आणलेल्या पिशवीतले काळे तुकडे मॅडमच्या हातात दिले आणि लाल रेघा दाखवल्या. मग यंत्र लावून करवती लाट दाखवली. मग लॅपटॉपवरून दहाही चार्जरमधली नक्कल बंद केली, जनरेटरच्या वेळी अडखळू नये म्हणून दोन दिवस बसून दुरुस्त केलेला आपला प्रोग्राम चालू केला, आणि ती पॅनलकडं वळली. गुरगुर उतरत गेली आणि थांबली. माग तसेच दणदणत होते. भीमाकाकांनी खुर्चीतूनच डावा हात लांब करून पत्र्यावर ठेवला आणि तसाच ठेवून राहिले.

"म्हणजे चार्जरनंच," मॅडम म्हणाल्या.

"एक मिनिट," अण्णा उठले. त्यांनी फाइल उघडून मॅडमसमोर धरली. "या बघा दहा शीट. सगळे पास. ही सही कुणाची, विचारा तिला. आज शहाणपणा करायलीय."

"माझी," दानेश्वरी म्हणाली. "दहाही माझ्या. बदल अण्णांनी मला न सांगता करून घेतला, ते खोटेपणाचं काम. पण मी न बघता पास केलं, ते माझं. सगळ्या तारखा शनिवारच्या आहेत. सुट्टीच्या दिवशी मोजायचं ही अक्कल माझी."

"अगं, स्वतःचाच गळा कापून घेतीस?" अण्णांना खरोखरच कळेना.

"तुम्ही काकांचा कापायला निघालात तेव्हा बरा चालला!"

मॅडमनी हातानंच दोघांना थांबवलं आणि त्या काकांकडं वळल्या. "एक गोष्ट राहते. जोड घट्ट होते हे तुम्हाला माहीत होतं. मग चालू पॅनल उघडला कशाला?"

काका खाली बघत म्हणाले, "असंच, साहेब. चूक झाली."

"चूक नाही झाली!" दानेश्वरीनं फोन काढला. काकांनी डावा हात पुढं केला, नको म्हणून. तिनं निरोप लावला. काकांचा आवाज, लईच गुरगुरायलंय बग, बंद करू का. मग तिनं आपलं उत्तर वाचलं. दहा बेचाळीस, अशी वेळही वाचली. मागांच्या दणदणाटात ते बुडालं असं वाटून तिनं ते परत एकदा स्पष्ट वाचलं.

मॅडमनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून काकांना विचारलं, "हे तुम्ही आठ दिवसांत कोणाला का नाही सांगितलं? तुमचा परवाना जात होता."

काकांनी पट्टीचा हात मांडीवर घेतला.

"पोरगी शिकून मोटी झाली, साहेब. पॅनल पैल्यांदा मीच दावलंय तिला. तिला चुकली कसं म्हनायचं?" मग ते पहिल्यांदाच दानेश्वरीकडं वळले, आणि त्यांच्या आवाजात राग होता, चांगला साठलेला. "पर दानव्वा, मी सांगितलंतं तुला. शनवारी गप असतंय, बाकी दिस गुरगुरतंय. मागं दिवाळीच्या टायमाला पन सांगितलंतं. तू हसलीस. काका, कपॅसिटर जुनं झालंय म्हनलीस. वायरमनचा कान म्हंजे काय कान न्हवं व्हय?"

अण्णांवर, श्रीशैलवर, अहवालातल्या फुलीवर ओरडायला तिच्यापाशी वाटेल तेवढे शब्द होते. इथं एकही सापडेना. ती त्यांच्या खुर्चीशी खाली फरशीवर बसली.

मॅडमनी अहवालातली काकांची ओळ खोडली. माग चालू असताना पुन्हा मोजणी होईपर्यंत चार्जर बंद ठेवायचे, असं लिहिलं. अण्णा गाडीकडं निघून गेले. उद्यापासून कामावर यायचं की नाही हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

जबाबाचा कागद तिच्यापुढं आला. त्यावर फुली नव्हती. तिनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, मग काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं. काकांनी मान हलवली. तिनं सही केली, खाली तारीख घातली, आणि तारखेच्या पुढं, कोणी मागितला नव्हता तरी, वार लिहिला. गुरुवार. माग चालू.